विश्लेषण : ५७ वर्षे कुलूपबंद राहिलेली प्रेमकथा… ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ हयातीत का छापली नाही?

एक कादंबरी १९१४ मध्ये लिहून पूर्ण झाली आणि छापून आली १९७१ मध्ये. मधली ५७ वर्षे तिचे हस्तलिखित अप्रकाशितच होते. विश्वासातल्या मोजक्या मित्रांनीच ते वाचले होते. लेखक काही अनोळखी नव्हता. ‘अ पॅसेज टू इंडिया’मुळे भारतातही घराघरांत पोहोचलेले ई. एम. फॉर्स्टर यांचीच ही कादंबरी, नाव ‘मॉरिस’.

तिच्यात खून नव्हता, राजद्रोह नव्हता. लंडनमधला एक सुखवस्तू तरुण आणि एका जमीनदाराच्या रानात शिकारीच्या पक्ष्यांची राखण करणारा नोकर यांचे प्रेम होते. शेवटी हे दोघे एकत्र राहतात, एवढाच ‘गुन्हा’. फॉर्स्टर यांच्या स्वतःच्या आयुष्यातही आधी एक ट्राम कंडक्टर आणि नंतर एक पोलीस शिपाई आला. या प्रवासात मराठ्यांचे देवास संस्थानही लागते. ही गुप्तता कशासाठी होती आणि तिची किंमत नेमकी कोणी मोजली, हे समजून घेऊ.

फॉर्स्टर कोण होते?

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. सरकारी नोंदीत त्यांचे नाव हेन्री मॉर्गन असे होते, पण बाप्तिस्म्याच्या वेळी गोंधळ झाला आणि ते एडवर्ड मॉर्गन झाले. जवळचे लोक त्यांना आयुष्यभर मॉर्गनच म्हणत. वडील वास्तुविशारद होते. मॉर्गन दोन वर्षांचे होण्याआधीच क्षयाने त्यांचे निधन झाले. आई लिली, आजी आणि आत्या-मावश्यांच्या घरात हा एकुलता एक मुलगा वाढला.

१८८७ मध्ये वडिलांकडच्या एका वृद्ध नातलग बाईंनी, मारियान थॉर्नटन यांनी, त्यांच्या नावावर ८,००० पौंड ठेवले. त्या काळात ही रक्कम मोठी होती. या पैशांवर शिक्षण झाले आणि पोटासाठी नोकरी करण्याची वेळ फॉर्स्टर यांच्यावर आली नाही. पुढची गोष्ट समजण्यासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून बाहेर पडल्यावर १९०५ ते १९१० या पाच वर्षांत त्यांच्या चार कादंबऱ्या आल्या. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ त्यातल्याच. वयाच्या ३१ व्या वर्षी ते इंग्लंडमधले नावाजलेले लेखक झाले होते. राहत मात्र आईबरोबरच होते. १९४५ मध्ये आई वारली तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

कायद्याची भीती किती खरी होती?

इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समागमासाठी १८६१ पर्यंत फाशीची तरतूद होती. त्याच सुमारास, १८६० मध्ये, ब्रिटिशांनी भारतीय दंड संहितेत कलम ३७७ आणले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने आणखी एक दुरुस्ती केली. दोन पुरुषांमधील कोणतेही ‘असभ्य’ वर्तन, अगदी बंद खोलीत घडले तरी, तुरुंगवासाला पात्र ठरले.

याच कायद्याखाली १८९५ मध्ये नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. फॉर्स्टर तेव्हा १६ वर्षांचे होते. त्या खटल्यांत वकिलांनी एक मुद्दा पुन्हा पुन्हा उगाळला. एवढ्या मोठ्या लेखकाचे मोतद्दार आणि घरगड्यांबरोबर जेवणखाण कशाला, हा तो मुद्दा. म्हणजे वेगळ्या वर्गातल्या माणसाशी असलेली मैत्री हीच संशयाची खूण मानली गेली. दोघे जण एकाच क्लबातले असतील तर कोणी विचारत नसे. एक साहेब आणि एक नोकर असेल तर शेजारी, हॉटेलवाला, पोलीस, सगळ्यांच्या भुवया उंचावत.

या कायद्याने ब्लॅकमेलचा धंदाही तेजीत आला. एखादी चिठ्ठी हाती लागली की पैसे उकळता येत. त्यामुळे श्रीमंताला गरीब जोडीदाराचा भरवसा वाटत नसे आणि गरिबाला माहीत असे की प्रकरण अंगाशी आले तर साहेब हात झटकून मोकळा होईल. ‘मॉरिस’मधला सगळा ताण या परस्पर अविश्वासातून येतो.

‘मॉरिस’ कशी सुचली?

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात मिलथॉर्प नावाचे एक खेडे आहे. तिथे एडवर्ड कारपेंटर हे लेखक आणि समाजवादी विचारवंत राहत. ते केंब्रिजचे पदवीधर, काही काळ चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांचे जोडीदार जॉर्ज मेरिल हे शेफील्ड शहराच्या गरीब वस्तीत वाढलेले, फारसे न शिकलेले. वाइल्ड यांच्या खटल्यानंतर अवघ्या काही वर्षांत हे दोघे एकाच छपराखाली राहू लागले आणि गावानेही ते चालवून घेतले.

सप्टेंबर १९१३ मध्ये फॉर्स्टर त्यांना भेटायला गेले. बोलता बोलता मेरिल यांनी त्यांच्या पाठीला, कमरेच्या जरा खाली, सहज हात लावला. पुढे फॉर्स्टर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की त्या स्पर्शातून कादंबरी जवळपास संपूर्ण सुचली. आई त्या वेळी हॅरोगेट या गावी औषधी झऱ्यांच्या उपचारांसाठी गेली होती. फॉर्स्टर तिकडे गेले आणि लिहायला बसले. १९१४ मध्ये पहिला खर्डा तयार झाला.

कादंबरीत नेमके काय आहे?

• मॉरिस हॉल हा मध्यमवर्गीय तरुण शेअर बाजारातल्या पेढीत काम करतो. केंब्रिजमध्ये क्लाइव्ह डरहॅम या जमीनदाराच्या मुलाशी त्याचे प्रेम जुळते.

• क्लाइव्हला हे प्रेम फक्त वैचारिक पातळीवर हवे असते. काही वर्षांनी तो माघार घेतो, लग्न करतो आणि राजकारणात उतरतो.

• एकाकी पडलेला मॉरिस डॉक्टरांकडे आणि संमोहनतज्ज्ञाकडे ‘बरे’ होण्यासाठी जातो. उपयोग होत नाही.

• क्लाइव्हच्या इस्टेटीवर काम करणारा अ‍ॅलेक स्कडर एका रात्री शिडी लावून मॉरिसच्या खिडकीतून आत येतो.

• त्यानंतर दोघेही एकमेकांना घाबरतात. मॉरिसला ब्लॅकमेलची भीती, अ‍ॅलेकला वापरून टाकून दिले जाण्याची. ब्रिटिश म्युझियममध्ये ते समोरासमोर येतात, भांडतात आणि तिथेच भीती ओसरते.

• अ‍ॅलेक अर्जेंटिनाला जाणारी बोट चुकवतो. मॉरिस नोकरी, प्रतिष्ठा सोडतो. दोघे एकत्र निघून जातात.

फॉर्स्टर यांनी १९६० मध्ये या कादंबरीसाठी एक टिपण लिहिले. त्यात त्यांनी स्पष्ट केले की शेवट सुखाचा असणे त्यांच्यासाठी अत्यावश्यक होते. नायकाने गळफास घेतला असता किंवा दोघे तुरुंगात गेले असते, तर पुस्तक छापणे सोपे गेले असते. शिक्षा न होता सुखी राहिलेले दोन पुरुष मात्र कायद्याच्या नजरेत गुन्ह्याचा प्रचार ठरले असते.

मित्रांपैकी सगळ्यांनाच हा शेवट पटला नाही. लेखक लिटन स्ट्रेची यांना वाटले की इतक्या वेगळ्या वर्गांतली ही जोडी फार तर काही आठवडे टिकेल. हा आक्षेप फॉर्स्टर यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. खऱ्या आयुष्यात असे नाते टिकते का, याचा अनुभव तेव्हा त्यांच्यापाशी नव्हता. कादंबरी लिहिली तेव्हा पस्तिशीतल्या या लेखकाचे कोणाशीही शारीरिक नाते आलेले नव्हते.

अलेक्झांड्रियाची ट्राम आणि मोहम्मद

पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, फॉर्स्टर रेडक्रॉसच्या कामासाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेले. रुग्णालयांत जखमी सैनिकांना भेटायचे आणि बेपत्ता झालेल्यांची माहिती गोळा करायची, असे ते काम होते. ये-जा ट्रामने होई. त्या ट्रामवर मोहम्मद अल-अद्ल नावाचे कंडक्टर होते. वयाने फॉर्स्टर यांच्याहून जवळपास २० वर्षांनी लहान, मन्सूरा गावचे.

ओळख साध्या शिष्टाचारातून झाली. पुढे मोहम्मद यांनी फॉर्स्टर यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेणे बंद केले. ते एका निरीक्षकाच्या लक्षात आले आणि मोहम्मद यांची नोकरी जायची वेळ आली. फॉर्स्टर यांनी ओळखीच्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत शब्द टाकला, तेव्हा कुठे प्रकरण मिटले. एकाच चुकीत एकाची रोजीरोटी पणाला लागली होती आणि दुसऱ्याचे फार काही बिघडणार नव्हते, हे इथे पहिल्यांदा ठळक दिसते.

मोहम्मद यांनी आपल्या भाड्याच्या खोलीत फॉर्स्टर यांना नेले आणि स्वतःची ट्रंक उघडून आतली एकूण एक वस्तू दाखवली. आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही, हे त्यांना दाखवायचे होते. फॉर्स्टर यांच्या आयुष्यातले हे पहिले परस्परांनी स्वीकारलेले प्रेम होते.

१९१८ मध्ये मोहम्मद यांचे लग्न झाले. त्यांनी मुलाचे नाव मॉर्गन ठेवले. जानेवारी १९१९ मध्ये फॉर्स्टर इंग्लंडला परतले. त्याच वर्षी ब्रिटिशांच्या विरोधात इजिप्त पेटून उठला आणि त्या धामधुमीत मोहम्मद यांना अटक होऊन सहा महिन्यांची कैद झाली. बाहेर आल्यावर त्यांची प्रकृती ढासळत गेली. १९२२ च्या सुरुवातीला भारतातून परतताना फॉर्स्टर इजिप्तमध्ये थांबले, तेव्हा मोहम्मद क्षयाच्या शेवटच्या अवस्थेत होते. मे १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची अंगठी पत्नीने फॉर्स्टर यांना पाठवली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॉर्स्टर यांनी या मृत मित्राला उद्देशून एक पत्र लिहायला घेतले. ते पुरे व्हायला १९२९ चा डिसेंबर उजाडला. ते अर्थातच कोणाला दाखवण्यासाठी नव्हते.

देवासचा अध्याय काय सांगतो?

भारताची ओढ फॉर्स्टर यांना सय्यद रॉस मसूद यांच्यामुळे लागली. मसूद हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू. १९०६ मध्ये फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवत होते आणि त्यांच्या प्रेमात पडले. मसूद यांच्याकडून मैत्री मिळाली, प्रेम नाही. ‘अ पॅसेज टू इंडिया’ त्यांनाच अर्पण केलेली आहे.

१९१२-१३ च्या पहिल्या भारतभेटीत फॉर्स्टर यांची देवास (थोरली पाती) संस्थानचे राजे तुकोजीराव पवार (तिसरे) यांच्याशी गट्टी जमली. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जावई. १९२१ मध्ये फॉर्स्टर काही महिन्यांसाठी त्यांचे खासगी सचिव झाले. तिथल्या दरबारात पाहिलेली गोकुळाष्टमी ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात आली आहे. त्या प्रसंगात प्राध्यापक नारायण गोडबोले हे पात्र भजनात रंगते आणि मंडळी तुकारामांच्या नावाचा गजर करतात. जगभर वाचल्या गेलेल्या इंग्रजी कादंबरीत तुकोबा पोहोचले ते या देवासमार्गे.

पण देवासची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. फॉर्स्टर यांनी आपला कल महाराजांजवळ कबूल केला. महाराजांनी त्यांना शिक्षा केली नाही, हिणवलेही नाही. उलट दरबारातल्या कनाया नावाच्या नाभिकाची ‘सोय’ लावून दिली. दरबारात कुजबुज सुरू झाली. फॉर्स्टर यांचा कनायाशी वागण्याचा सूर बदलला, त्यात दुसऱ्याला दुखावण्याची इच्छा शिरली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आणि त्याची त्यांना लाजही वाटली. १९५३ मध्ये आलेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या देवासच्या आठवणींच्या पुस्तकात हा भाग नव्हता. तो त्यांच्या निधनानंतर, १९८३ च्या आवृत्तीत आला.

राजाच्या मर्जीने पुढ्यात आलेला नोकर नाही म्हणू शकत होता का, हा प्रश्न आज कोणीही विचारेल. वर्ग ओलांडणारे प्रत्येक नाते बरोबरीचे असतेच असे नाही, याचा पुरावा फॉर्स्टर यांच्याच कागदपत्रांत आहे. कनायाची बाजू सांगणारे एकही पान मात्र आपल्या हाती नाही.

पोलीस शिपाई बॉब आणि ४० वर्षांचे नाते

१९३० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, लंडनमध्ये एका मित्राच्या घरी फॉर्स्टर यांची बॉब बकिंगहॅम यांच्याशी भेट झाली. बॉब २८ वर्षांचे, लंडनच्या पोलीस दलात शिपाई. ज्या कायद्याने फॉर्स्टर यांच्यासारख्यांना पकडले जाई, त्याची अंमलबजावणी करणाऱ्या दलातलेच.

१९३२ मध्ये बॉब यांनी मे नावाच्या परिचारिकेशी लग्न केले. सुरुवातीची काही वर्षे मे आणि फॉर्स्टर यांच्यात चांगलीच धुसफूस होती. पुढे ती मिटली. बॉब आणि मे यांच्या मुलाचे नाव रॉबर्ट मॉर्गन ठेवण्यात आले आणि फॉर्स्टर त्याचे धर्मपिता झाले. कालांतराने मे याच त्यांच्या सर्वांत जवळच्या माणसांपैकी एक ठरल्या. फॉर्स्टर यांचे आपल्या नवऱ्यावर प्रेम होते, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितले.

हे नाते ४० वर्षे टिकले. कादंबरीत स्ट्रेची यांनी काही आठवड्यांची मुदत दिली होती, त्याचे उत्तर आयुष्याने असे दिले. अर्थात मॉरिस आणि अ‍ॅलेकसारखे सगळे सोडून एकत्र राहणे या दोघांना कधीच जमले नाही. एक नवरा आणि बाप होता, दुसरा घरचा पाहुणा.

मग कादंबरी छापली का नाही?

‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ मध्ये आली. त्यानंतर फॉर्स्टर ४६ वर्षे जगले, पण एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. एक कारण त्यांच्या खासगी लेखनात सापडते. स्त्री-पुरुष प्रेम आणि विवाह याच विषयावर लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला होता आणि ज्यावर लिहायचे होते ते छापता येत नव्हते.

ते गप्प मात्र बसले नाहीत. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल यांच्या समलिंगी स्त्रीविषयीच्या कादंबरीवर बंदीची कारवाई झाली, तेव्हा व्हर्जिनिया वूल्फ यांच्याबरोबर त्यांनी जाहीर निषेध केला. १९३४ मध्ये ब्रिटनच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ला १९३५ मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली. इतरांच्या पुस्तकांसाठी ते लढले, स्वतःचे पुस्तक मात्र त्यांनी बाहेर काढले नाही.

त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. आई जिवंत असेपर्यंत तिला धक्का द्यायचा नव्हता. त्यानंतर बॉब यांचे नाव चर्चेत आले असते. पोलिसाची नोकरी, त्याचे लग्न, त्याचे मूल, सगळेच धोक्यात आले असते.

भीती उगाच नव्हती. संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘ट्युरिंग मशीन’ माहीत असते. ते अ‍ॅलन ट्युरिंग फॉर्स्टर यांच्याच किंग्ज कॉलेजचे. १९५२ मध्ये घरातल्या चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या ट्युरिंग यांच्यावरच गुन्हा दाखल झाला, कारण तपासात एका कामगारवर्गीय तरुणाशी असलेले नाते उघड झाले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना हार्मोनचे उपचार स्वीकारावे लागले. ७ जून १९५४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या बरोबर १६ वर्षांनी, ७ जून १९७० रोजी, फॉर्स्टर गेले.

१९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील दोन पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. फॉर्स्टर तेव्हा ८८ वर्षांचे होते. तरीही हस्तलिखित बाहेर आले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले लेखक ख्रिस्तोफर इशरवुड यांच्याकडे त्यांनी ते सोपवून ठेवले होते आणि १९७१ मध्ये ते पुस्तक म्हणून आले. त्याची अर्पणपत्रिका कोणा व्यक्तीच्या नावाने नाही, पुढे येणाऱ्या बऱ्या दिवसांच्या नावाने आहे.

किंमत कोणी मोजली?

फॉर्स्टर यांनी किंमत मोजली ती लेखक म्हणून. त्यांच्या हातून आणखी किती कादंबऱ्या आल्या असत्या, हे कधीच कळणार नाही. पण त्यांच्या पाठीशी पैसा होता, केंब्रिज होते, मित्रांचे वर्तुळ होते. सर ही उपाधी नाकारण्याइतका मान होता आणि ९१ वर्षांचे आयुष्य मिळाले.

मोहम्मद यांच्या वाट्याला तुरुंग आणि लवकर आलेला मृत्यू आला. कनायाच्या वाट्याला दरबारातली बदनामी आली. बॉब यांना आयुष्यभर शब्द तोलून बोलावे लागले. यातल्या तिघांपैकी कोणाचेही चरित्र कोणी लिहायला घेतले नसते. त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, ती फॉर्स्टर यांनी कागदपत्रे जाळून न टाकता मागे ठेवली म्हणून.

आज या गोष्टीचे महत्त्व काय?

१९८७ मध्ये मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी ‘मॉरिस’वर चित्रपट केला. व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि ह्यू ग्रँट या तरुण नटाकडे जगाचे लक्ष गेले. भारतात कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळण्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. इंग्लंडने हा कायदा मोडीत काढल्यावर ५१ वर्षांनी इंग्रजांचाच वारसा आपण सोडला.

कायदा बदलला तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. दोघांपैकी एकाकडे घर, पगार आणि ओळखी असतील आणि दुसऱ्याकडे त्यातले काहीच नसेल, तर नाते उघड झाल्यावर आधी कोणाला घर सोडावे लागते?

फॉर्स्टर यांनी शेवटचा श्वास घेतला तो बॉब आणि मे यांच्या कॉव्हेंट्रीतल्या घरी. पुढे बॉब यांचेही निधन झाले, तेव्हा दोघांच्या अस्थींची राख एकत्र करून तिथल्या दाहगृहाच्या गुलाबबागेत विखुरण्यात आली.